बकाराम दलाल आणि खड्ड्याची माती

गोंदियाच्या धानगंजात माणसं बकाराम कापगत्याला दुरून ओळखत, ती त्याच्या रुमालावरून. रुमाल कधीकाळी पांढरा होता असं त्याची बायको रुख्मा सांगे. तिच्याशिवाय या गोष्टीला दुसरा साक्षीदार नव्हता. रुमालाच्या चारही कोपऱ्यांना गाठी असत आणि प्रत्येक गाठीत एकेका शेतकऱ्याच्या धानाची मूठ. धान बैलगाडीत गंजाच्या बाहेर, घेणारा राईस मिलच्या गादीवर आणि दोघांच्या मधे चालत असलेला बकाराम. गाठ सोडायची, धान तळहातांत चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि उरलेला तांदूळ घेणाऱ्याच्या नाकाखाली धरायचा. तुकडा किती, लाल दाणा किती, ओल किती, ते त्या चिमूटभरात दिसलं पाहिजे. सौदा जमला की दोन्हीकडून थोडी थोडी दलाली. या धंद्याला भांडवल म्हणून जीभ लागे आणि दर सहा महिन्यांनी चपलांचा नवा जोड.

सत्तेचाळीसच्या दिवाळीत तो केशोरीहून गोंदियाला आला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि बकारामही. त्याच्या बाबतीत कारण असं की बापाच्या धानशेतीच्या बांध्या तीन थोरल्या भावांत वाटून झाल्यावर त्याच्या वाट्याला आशीर्वाद तेवढा उरला होता.

धंदा शिकवला छोटेलालजींनी. हे गंजातले सर्वांत जुने दलाल. ते हिंदीत बोलत, हिंदीत शिव्या देत आणि उन्हाळ्यात निंबाखाली बसून हिंदीतच झोपत. त्यांचा नियम एक होता. "नमूना तेरा, तो माल भी तेरा," ते म्हणत. म्हणजे रुमालातला दाणा एक आणि पोत्यातला दुसरा निघाला, तर फरक दलालानं भरायचा. बकारामनं पहिल्याच वर्षी पोत्याच्या तोंडचं सुवासिक चिन्नोर पाहून सौदा केला आणि पोत्याच्या पोटात हलक्या भावाची लुचई निघाली. चार महिन्यांची दलाली त्यात गेली. तेव्हापासून तो लोखंडी परखी पोत्यात कोपरापर्यंत खुपसून मधला दाणा काढल्याशिवाय गाठ बांधत नसे. धान विकणारा चिडे. "अगा, पोतं मारून टाकशील का?" तो विचारी. बकाराम म्हणे, "पोतं जगते. दलाल मरते."

सगळं ठीक होतं, पण धूळ होती. धानाची धूळ ही धान नसलेल्या महिन्यांतसुद्धा गंजातून जात नाही. पाच-सहा वर्षांत बकारामच्या छातीत ती वस्तीला आली. त्याचा खोकला घरी पोचे आणि मागून तो. "तुमच्या खोकल्याची दलाली भेटती," रुख्मा म्हणे, "त घरावर कौलं चढून गेली असती आपल्या."

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात तो एका मिलच्या गादीवर भाव ठरायची वाट बघत बसला होता. तिथले मुनीम शालीकराम नागपूरचं आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचत होते. वाचताना ओठ हलवायची त्यांना सवय होती, त्यामुळे शेजारच्याला बातम्या फुकट मिळत. त्या दिवशी ओठांवर भाव आले. कापडगिरणी इतके, सिमेंट इतके, पोलाद इतके.

"हे कशाचे भाव होत, मुनीमजी?" बकारामनं विचारलं.

"शेअरचे. कारखान्याचे तुकडे पाडते अन् इकते."

"कारखाना तोडते?"

"कागदावर तोडते, बापा. कारखाना जागीच राह्यते. कागद या हातातून त्या हातात जाते."

"मधात दलाल असते?"

"दलाल कुठं नसते?"

बकारामनं खोकला आवरला. मग त्यानं आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला. "धूळ असते का?"

"कागदाले कायची धूळ?" शालीकराम म्हणाले.

भांडवलाच्या जगात माणसं लोभानं शिरतात असं ऐकिवात आहे. बकाराम शिरला तो खोकल्यामुळे. त्या दिवसापासून शेअर दलाल होणं एवढं एकच त्याच्या मनात राहिलं. ते व्हायचं कसं, हे सांगणारा गोंदियात एकही माणूस नव्हता, त्यामुळे सल्ला सगळ्यांनी दिला. अखेर शालीकरामांनीच माहिती काढली. मुंबईच्या बाजारात उभं राहायचं तर तिथलं सभासद व्हावं लागतं, आणि त्याला लागणारा पैसा पूर्ण गंजानं मिळूनही पाहिला नव्हता. पण नागपूरला इतवारीत मोठ्या दलालांच्या पेढ्या होत्या आणि त्या गावोगाव आपले हाताखालचे दलाल नेमत. गिऱ्हाईक यानं आणायचं, सौदा पेढीनं करायचा, दलालीतला चतुर्थांश याचा. शालीकरामांनी इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात बकारामच्या शिक्षणाचा उल्लेख त्यांनी इतक्या खुबीनं टाळला होता की वाचणाऱ्याला तो बॅरिस्टर वाटावा.

जमनादास वेलजी आणि कंपनीचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. कंपनीला भंडारा जिल्ह्याच्या या टोकाला माणूस हवाच होता. अट एक. तुमसर रोडजवळ 'वैनगंगा पॉटरीज' नावाचा चिनी मातीच्या कपबशांचा कारखाना निघत होता. त्याचे शंभर शेअर बकारामनं तीस नोव्हेंबरच्या आत खपवावेत, भरलेले अर्ज आणि पैसे पेढीकडे पाठवावेत. शंभर झाले की नेमणूक. शेअर दहा रुपयांचा, अर्जासोबत पाच.

"शंभर पोते त मी दुपारपर्यंत इकतो," बकाराम रुख्माला म्हणाला.

"पोत्यात हात घालता येते," रुख्मा म्हणाली. तिनं हे सहज म्हटलं होतं. पुढं तिनं ते बरेचदा मुद्दाम म्हटलं.

कार्तिकापर्यंत बकारामनं अर्जांची पिशवी घेऊन गोंदिया पालथं घातलं. चहाच्या दुकानात जायचा, कपबशी उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, "देशात किती तोंडं हायेत? तेवढे कप लागतील." हिशेब चुकीचा नव्हता. दोन मिलवाल्यांनी पंचवीस घेतले, एका बिडी कारखानदारानं दहा, स्वतः शालीकरामांनी बायकोला न सांगता पाच. आपल्या गावी केशोरीला जाऊन त्यानं तीस खपवले. त्यांतले दहा एकट्या देवकाबाई लंजेंनी घेतले. देवकाबाई नात्यानं चुलती लागत. नवऱ्याच्या मागं आठ एकर धानाची बांधी आणि गावतळ्याची पाळ या दोन्हींवर त्यांची देखरेख होती. पहिलीवर कायद्यानं, दुसरीवर सवयीनं. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तळी बांधली होती. खरं तर बकारामच्याही. पण बकारामचा मातीशी संबंध चपलेपुरता उरला होता.

उरलेल्यांतले वीस छोटेलालजींचे. त्यांनी अर्ज पुढं ओढला, चश्मा लावला, चश्मा काढला आणि म्हणाले, "सब ठीक है. नमूना दिखा."

"कायचा नमुना, सेठ? कारखाना व्हायचा हाये अजून."

"तो जिसका होगा उसका दिखा. बिना नमूने का सौदा मैंने अपने बाप से नहीं किया."

बकाराम ओशाळला. सहा वर्षं ज्या नियमावर भाकर खाल्ली, तो कागद हातात आल्याबरोबर आपण विसरलो, हे त्याला लागलं. त्यानं नागपूरला कार्ड टाकलं: नमुना पाठवावा. आठव्या दिवशी रेल्वे पार्सलनं धानाच्या तणसात गुंडाळलेला एक कप आला. पांढरा, निळ्या काठाचा, नखानं वाजवला तर देवळातल्या घंटीसारखा वाजणारा. सोबत चिठ्ठी: माल असाच होईल. छोटेलालजींनी कप उन्हात धरला, वाजवला आणि वीस शेअरवर सही केली. एकूण नव्वद झाले. उरलेल्या दहांसाठी दोन शिक्षक आणि एक कंपाउंडर तयार होते. पंचवीस नोव्हेंबरला शंभराव्या शेअरचा अर्ज भरला गेला आणि रुख्मानं पुरणाचा बेत केला.

जेवून झाल्यावर बकारामनं कप पुसायला घेतला आणि हाताच्या सवयीनं उलटा केला. पोतं दिसलं की परखी खुपसायची, तसंच हे. बुडाला बारीक इंग्रजी अक्षरं होती. बकारामला इंग्रजी मालगाडीच्या डब्यांवर लिहिलेलं तेवढं यायचं, आणि हा शब्द कोणत्या डब्यावर त्यानं पाहिला नव्हता. तो कप घेऊन सरळ स्टेशनवर पार्सलबाबूकडे गेला.

पार्सलबाबूंनी कप उलटा धरून वाचलं. "जापान लिखा है, भाई."

"तुमसर रोडच्या आसपास हाये का हे?"

"दो-चार स्टेशन आगे है," बाबू म्हणाले. "बीच में समुंदर पड़ता है."

बकाराम दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं तुमसर रोडला गेला. तिथून पाच मैल पायी. नांगरटीच्या वाटेनं विचारत विचारत पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. पाटी मोठी होती. 'वैनगंगा पॉटरीज लिमिटेड' ही अक्षरं फर्लांगभरावरून दिसत. पाटीच्या मागं कुडाची एक झोपडी, झोपडीच्या दारात चौकीदार आणि चौकीदाराच्या पलीकडे एक खड्डा. बाकी सगळं रान.

"कारखाना कुठं हाये?" बकारामनं विचारलं.

चौकीदारानं खड्ड्याकडे हात केला.

"मशीन?"

"येऊन राहिली."

"कधीपासून येऊन राहिली?"

"मी लागलो तवापासून," चौकीदार म्हणाला. "चैतापासून."

बकारामनं खड्ड्याची परीक्षा केली, त्याला येत होती तशी. खड्ड्यात उतरत, छत्रीखाली छत्री लावत त्यानं खोली मोजली. ती अकरा हात भरली. तळाला गुडघाभर पाणी होतं. पंधरा-वीस बाया टोपल्यांनी माती वाहत होत्या. वीट एक नव्हती. त्यानं चौकीदाराकडून पाणी घेऊन प्यायलं आणि परत पाच मैल चालला. वाटेत तो खोकला नाही. रानात धूळ नव्हती. पण त्या दिवशी त्याला त्याचंही सुख वाटलं नाही.

आता तीस तारखेच्या आत अर्ज पाठवले तर नेमणूक होती. पाठवण्यात फसवणूकही नव्हती; कंपनीच्या माहितीपत्रकात 'प्रस्तावित' हा शब्द होता आणि शालीकरामांनी तो वाचूनही दाखवला होता. पण छोटेलालजींनी सही केली होती ती त्या कपावर, आणि तो कप जपानचा होता. नमुना बकारामचा, तर मालही बकारामचा.

रुख्मानं सगळं ऐकून घेतलं. "मंग का करता?"

"सांगतो."

"सांगसाल त कोनी ठेवनार नाही."

"माहीत हाये."

"अन् धूळ?"

बकारामनं अर्जांची पिशवी खांद्याला लावली. तिनं रुमाल धुवून वाळत घातला. तेवढ्यावरून त्यानं काय ते समजून घेतलं.

दोन दिवस तो दारोदार फिरला. कप दाखवायचा, उलटा करायचा, खड्डा सांगायचा, अर्ज परत करायचा, सोबत पैसेही. गोंदियातल्या एकानंही अर्ज कायम ठेवला नाही. मिलवाले हसले. कंपाउंडर म्हणाला, "तरी मी म्हणतच होतो," आणि त्यानं तसं कधीच म्हटलं नव्हतं. छोटेलालजींनी कप हातात घेऊन बराच वेळ बुडाकडे पाहिलं. "मैंने पलट के नहीं देखा," ते म्हणाले. "बुढ़ा गया हूँ." त्यांनी वीस शेअरांचा अर्ज फाडला, पण कप आपल्याकडे ठेवून घेतला, चहाला चांगला होता.

एकोणतीस तारखेला तो चांदा फोर्टच्या छोट्या गाडीनं अर्जुनीला आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीनं केशोरीला गेला. तिथंही तेच झालं. राहिल्या देवकाबाई. त्या गावतळ्याच्या पाळीवर उभ्या होत्या. पाळीला एके जागी पाणी झिरपत होतं आणि चार गडी तिथं माती घालत होते. देवकाबाई त्यांना शिकवत होत्या, म्हणजे रागावत होत्या.

बकारामनं सांगायचं ते सांगितलं आणि अर्ज पुढं केला. "घे, काकी. फाडून टाक."

देवकाबाईंनी अर्ज घेतला नाही. "खड्डा किती खोल?"

"अकरा हात."

"माती कुठं टाकली?"

"कोनती माती?"

"खड्ड्यातली, बापू. अकरा हात माती निघाली त गेली कुठं? वर बसली असंल का तुझ्या छत्रीवर?"

गडी हसले. बकारामनं डोळे मिटून आठवलं. "दूर नेऊन राहिल्या होत्या. सव्वाशे पावलं तरी असंल. उतारावर."

"नुसती टाकून देऊन राहिल्या का कुटून राहिल्या?"

"कुटून. थर घालून, पानी मारून, धुम्मसानं कुटून राहिल्या."

"मंग तू कायले रडून राहिला?" देवकाबाई म्हणाल्या. "ज्याले नुसतं दाखवाचं असते तो माती काठावर फेकते. जवळ फेकली की मजुरी कमी लागते. दूर नेऊन थरावर थर कुटनारा मानूस तिथं काहीतरी बांधून राहते. त्यानं पह्यले रस्ता केला असंल मशीन आनाले. पान्यानं थांबला असंल. पानी कोनाले चुकलं?"

"काकी, कप जपानचा होता."

"कपाचं मले समजत नाही. मातीचं तुले समजत नाही." त्यांनी अर्ज त्याच्या पिशवीत परत कोंबला. "तळं बांधनाऱ्याचा पोर तू, अन् खड्डा पाहाले गेला त खोली मोजून आला! खोली कोनीही मोजते. माझे दहा राहू दे."

त्यानं पुष्कळ समजावलं. त्या ऐकत होत्या आणि मधेच गड्यांना ओरडत होत्या, त्यामुळे आपल्याला उत्तर कोणतं आणि गड्यांना कोणतं, हे त्याला धड कळत नव्हतं. अखेर तीस तारखेला त्यानं गोंदियाहून दहा शेअरांचा एकच अर्ज नागपूरला पाठवला. जमनादास वेलजींचं उत्तर तीन ओळींचं होतं. दहा मिळाले. दहा शेअरांसाठी माणूस नेमत नसतात. शुभेच्छा.

बकारामनं रुमाल घेतला आणि गंजात गेला. पुढची चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत. धूळ होती, एवढंच. गंजानं मात्र त्याला नवं नाव दिलं. त्याला सगळे 'खड्डेवाला' म्हणत, आणि तो जवळ आला की कोणीतरी पेला उलटा करून बुडाशी पाही. बकारामही त्यांच्याबरोबर हसे. हसताना त्याला खोकला येई आणि त्या खोकल्यात बाकीचं झाकून जाई.

दरम्यान सरकारनं नकाशावर रेघा हलवल्या आणि गोंदिया मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात आलं. बकारामला मुंबईला जाता आलं नव्हतं; मुंबईच त्याच्याकडे आली, आणि तरी काही फरक पडला नाही.

सत्तावनच्या दिवाळीत देवकाबाई अचानक गोंदियाला आल्या. डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात एक पाकीट आणि एक पेटी. पाकिटात 'वैनगंगा पॉटरीज'चा पहिला लाभांश होता. पेटीत कंपनीनं प्रत्येक भागधारकाला दिलेली कपबशी होती. बशी टपालात फुटली होती, कप शाबूत होता. रुख्मा पाणी आणायच्या आत देवकाबाईंनी कप उलटा करून बकारामपुढे धरला. "वाच."

या खेपेला पार्सलबाबूची गरज पडली नाही. देवनागरीत होतं. "वैनगंगा," बकारामनं वाचलं.

"झालं मंग," देवकाबाई म्हणाल्या आणि चहा मागितला. तो त्या पितळी पेल्यातच प्यायल्या. कपात त्यांनी नंतर चुना ठेवला.

बातमी गंजभर झाली. दहाचा शेअर नागपुरात सतराला होता. बकारामला वाटलं, आता लोक आपल्याला गोंदियात राहू देणार नाहीत. पहिले आले शालीकराम. "बापा, तुझ्या खरं बोलन्यानं माझे पाच गेले," ते म्हणाले, "पन बायकोले सांगाचं वाचलं." मिलवाले आले आणि मनापासून शिव्या देऊन गेले. सगळ्यांत शेवटी छोटेलालजी आले, काठी टेकत.

"तू गलत निकला," ते म्हणाले.

"हो, सेठ."

"पर पहले बोल के गलत निकला. इस बाज़ार में सब पीछे बोलते हैं." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "अब कौन सा लेना है, बता."

शिव्या द्यायला आलेल्या बाकीच्यांनीही आठवडाभरात हाच प्रश्न विचारला. बकारामनं शालीकरामांकडून नागपूरला पुन्हा पत्र लिहून घेतलं. पेढीची आठवण पक्की होती आणि अटही तीच होती. भंडारा रोडजवळ 'लक्ष्मीविजय सायकल्स' निघत होती. शंभर शेअर, महिन्याची मुदत, मग नेमणूक. या वेळी शंभर व्हायला अकरा दिवस लागले. पण अर्ज पेटीत ठेवून, पेटीला कुलूप लावून बकाराम केशोरीला गेला आणि देवकाबाईंना घेऊन आला. ठरलेला मोबदला: जाण्यायेण्याचं तिकीट, जेवण आणि पानसुपारी.

अर्ज पिशवीत भरून दोघं कारखान्यावर गेली तेव्हा तिथं भागधारकांसाठी समारंभ होता. मांडव होता, सरबत होतं, बँड होता. दर्शनी भिंत चुन्यानं पांढरी केली होती आणि तिच्यावर चाकांवर उभी असलेली लक्ष्मी काढली होती. जमनादासांच्या पेढीचा माणूस बकारामच्या हाताला धरून म्हणाला, "कापगतेजी, नेमणूकपत्र टाइप करूनच आणलंय. अर्ज द्या, कागद घ्या." त्यानं कोटाच्या खिशातून पाकिटाचा कोपरा दाखवला. बकाराम त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. तो धुवट पांढरा कागद होता आणि त्याच्यावर धुळीचा कण नव्हता.

देवकाबाई सरबत न घेता भिंतीच्या मागं गेल्या. बकाराम पाकिटावरची नजर काढून त्यांच्या मागं गेला. मागं भिंत नव्हती. समोर होती तेवढीच. एक लांबट खड्डा होता, छत्रीनं मोजता येऊ नये इतका खोल. माती त्याच्या चारही काठांवर पडली होती. त्या मातीवर गवत होतं, कमरेएवढं, आणि गवतात एक बोराचं झुडूप.

"दोन पावसाळे," देवकाबाई म्हणाल्या. झुडपावरचं एक बोर तोडून त्यांनी तोंडात टाकलं. "चाल, गाडी चुकंल."

"काकी, कागद टाइप होऊन आला हाये."

"मी का म्हनलं? मी एवढंच म्हनलं, गाडी चुकंल."

समोर बँड वाजत होता. बकाराम गवताकडे पाहत उभा राहिला. चार वर्षांपूर्वी त्यानं न पाहिलेली माती आता त्याला दिसत होती, आणि ती दिसली नसती तर बरं झालं असतं असंही एक क्षण वाटून गेलं. मग तो मांडवात गेला, पेढीच्या माणसाला नमस्कार केला आणि अर्जांची पिशवी बगलेत तशीच ठेवून देवकाबाईंच्या मागं स्टेशनाकडे निघाला. गाडी चुकली नाही. उलट दोन तास उशिरा आली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा दारोदार फिरायला सुरुवात केली. पहिलं दार छोटेलालजींचं. त्यांनी खड्डा, गवत आणि बोर सगळं ऐकून घेतलं.

"पैसे वापस लाया है?"

"हो, सेठ."

"मत दे. उसी कपबशीवाले का ले दे, जो भाव मिले. मैंने बीस फाड़े थे. पचास ले."

बाकीच्यांनीही तेच मागितलं; दहा दिवसांत कपबशांच्या दीडशे शेअरांची मागणी झाली. बकारामनं ती नागपूरला कळवली आणि उत्तरात काय येईल याचा विचार करायचं सोडून दिलं. रुमालाला गाठी मारून तो गंजात जायला लागला होता. पण पेढी ही पेढी होती. तिला सायकलींवर मोठी दलाली मिळणार होती, हे खरं. ती दलाली बुडाली, हेही खरं. कपबशांवर लहान दलाली मिळत होती. आणि दलाली कुठल्या रस्त्यानं आली याचा राग जमनादास वेलजींनी तीन पिढ्यांत धरला नव्हता. पत्रात लिहिलं होतं: आपल्या वर्तनाबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. दीडशे शेअर घेतले आहेत. यापुढच्या मागण्या याच पत्त्यावर पाठवाव्या. नेमणूकपत्र सोबत जोडलं आहे.

रुख्मानं रुमाल धुतला, घडी केली आणि पेटीत सगळ्यांत खाली ठेवला. बकाराम तो कागद घेऊन केशोरीला गेला. देवकाबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, कागद घेतला, उन्हात धरला. वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी तो उलटा करून मागं पाहिलं.

"मागं काही नाही लिवलं," त्या म्हणाल्या.

"नाही, काकी."

"पाय, नीट पाय."

त्यानं नीट पाहिलं. मागं कोरं होतं.

"मंग चालते," देवकाबाई म्हणाल्या आणि कागद परत दिला. "हो बाजूले. धानावर उभा हायेस तू."